नवं पोतं आधी

पुण्याहून माणूस आळंदला परत येतो तो दोनच कारणांनी, असं आळंदच्या बसस्टँडवर फार पूर्वी ठरून गेलेलं आहे: लग्न जमलं म्हणून, नाहीतर नोकरी गेली म्हणून. २००९च्या उन्हाळ्यात गुरुबसव अक्कलकोटच्या गाडीतून दोन पिशव्या आणि टॉवेलात गुंडाळलेला मॉनिटर घेऊन उतरला, तेव्हा पानपट्टीवाल्या रेवणप्पानं चांगल्या मनानं विचारलं, "काय गा, पोरगी कुठली?"

"पोरगी न्हाई."

"मग नोकरी गेली व्हय?" रेवणप्पा पानाला चुना लावता लावता म्हणाला. "जाऊ दे. उन्हाळ्यात पुण्यात तरी काय ठेवलंय."

नोकरी खरंच गेली होती. अमेरिकेत कुठल्याशा बँका बुडाल्या आणि तो धक्का, आळंदमध्ये कुणालाही नीट समजावून सांगता येणार नाही अशा रस्त्यानं, पुण्यातल्या एका चौथ्या मजल्यावर गुरुबसवच्या खुर्चीपर्यंत येऊन पोचला. तीन वर्षं तो तिथं टेस्टर होता. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम हातानं तपासायचे. नाव भरा, पत्ता भरा, बटण दाबा, काय झालं ते लिहून ठेवा. मग पुन्हा नाव भरा. इंग्रजी त्याला वाचता यायचं, लिहिताही यायचं, फक्त चार लोकांत बोलायची पाळी आली की घसा कोरडा पडायचा. मीटिंगमध्ये तो एखादी चूक दाखवायचा. समोरचा विचारायचा, "तू कुठला रे?" "आळंदचा." "म्हणजे आळंदी?" "नाही, आळंद. कर्नाटकात." एवढ्यात चुकीचा विषय मागे पडून भूगोलाचा सुरू झालेला असायचा. एकदा तर चूक समोर दिसत असताना साहेबानं "आजच्या दिवस पास लिही" म्हणून सांगितलं आणि यानं लिहिलं. त्या 'पास'चं पुढं काय झालं ते त्याला कधी कळलं नाही, पण ते त्याच्या मनात अडकून राहिलं.

त्या ऑफिसात एक गोष्ट मात्र त्याला मनापासून आवडली होती. कोपऱ्यात एक मशीन होतं. कुणीही नवा कोड जमा केला की ते आपोआप उचलायचं, त्याचा प्रोग्राम बांधायचं, नियमांची यादी लावून एकेक ओळ बघायचं आणि खोट सापडली की पडदा लाल. मोठ्या कॉलेजातल्या पोरांनाही लाल. ते कुणाला "तू कुठला?" असं विचारत नसे. गुरुबसव डबा खाताना त्या मशीनकडं बघत बसायचा, जसं एखादा माणूस दुसऱ्याच्या बैलजोडीकडं बघतो.

आळंदला घरी त्याची आई होती, चन्नव्वा. डाळमिलमध्ये निवडणीला. बावीस वर्षं एकाच भिंतीला पाठ लावून, पुढ्यात सूप घेऊन. खडा, मातीचं ढेकूळ, कुजका दाणा. तिची बोटं डोळ्यांच्या आधी जायची. लेक परत आल्याचं तिला वाईट वाटलं की बरं वाटलं, हे तिनं सांगितलं नाही. पहिल्या दिवशी त्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली आणि म्हणाली, "तिकडं काय करीत हुतास, ते आता तरी सांग."

"दुसऱ्याच्या चुका काढीत हुतो अव्वा."

"मग माझंच काम की," चन्नव्वा म्हणाली. "त्यासाठी पुण्याला कामून गेलास?"

दोन महिन्यांत त्याला गुलबर्ग्यात काम लागलं. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर सात माणसांची कंपनी. मालक मल्लिकार्जुन, ज्यांना सगळे अण्णा म्हणत. कंपनी साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची: उसाची गाडी काट्यावर आली की वजन घ्यायचं, पावती छापायची, पुढची गाडी. अफजलपूरकडचा एक कारखाना हे सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. मूळ प्रोग्राम लिहिला होता हुमनाबादच्या रूपानं, २००४ साली, एकटीनं. वय पस्तीस, चष्मा, कपाळावर विभूतीची बारीक रेघ आणि जिभेला धार. सगळे तिला रूपाक्का म्हणत. अण्णासुद्धा, वयानं मोठे असून.

तिथली पद्धत अशी, की जो तो आपापल्या मशीनवर लिहायचा. रूपाक्का संध्याकाळी पेन ड्राइव्ह घेऊन सगळ्यांकडं फिरायची, भिक्षेला आल्यासारखी, आणि जे मिळेल ते एकत्र करून सीडी करायची. ती सीडी अफजलपूरच्या बसनं जायची. मागच्या हंगामात तिच्या झोळीत कुणाची तरी जुनी फाइल आली, आणि कारखान्याच्या दारात दोन तास उसाच्या गाड्या उभ्या राहिल्या. गाडीवानांनी कंपनीच्या नावानं जे काही म्हटलं ते काटेवाल्यानं फोन वर धरून अण्णांना थेट ऐकवलं होतं.

म्हणून गुरुबसवनं कोपऱ्यातल्या मशीनची गोष्ट काढली, तेव्हा अण्णा नाही म्हणाले नाहीत. अडगळीतलं एक जुनं मशीन त्याला दिलं. "दसऱ्यापर्यंत करून दाखीव. हंगाम दिवाळीला सुरू व्हतो. जमलं तर तुझं हेच काम. न्हाई जमलं तर मशीन पुढच्या टेबलावर, पत्रं छापायला. आणि तू अफजलपूरला, काट्याच्या केबिनमध्ये. बटणं दाबायला माणूस लागतोच."

बटणं दाबायला. गुरुबसवला हे सांगायची गरज नव्हती. तीन वर्षं त्यानं तेवढंच केलं होतं.

त्यानं महिनाभर खपून ती साखळी बसवली. एकानं कोड जमा केला की मशीन उचलणार, बांधणार, तपासणार. शेवटी हिरवं आलं तरच सीडीची फाइल तयार होणार. नियम लावायची वेळ आली तेव्हा मात्र हे आईचं लेकरू घसरलं. यादीत एकशे वीस नियम होते. त्यानं एकशे वीसच्या एकशे वीस लावले. नव्या घरात आलेला माणूस पहिल्याच दिवशी सगळे दिवे लावून बघतो, तसे.

सोमवारी सकाळी मशीननं निकाल दिला: अकरा हजार चारशे आठ चुका.

सगळ्यांनी आपापल्या खुर्चीतून तो आकडा वाचला. मग रूपाक्का खुर्ची सरकवून उठली, चष्मा पुसला आणि पडद्याजवळ जाऊन वाचू लागली. "ओळ लांब आहे. नाव इंग्रजीत नाही. कंसाच्या आधी जागा सोडली नाही." ती वळली. "गुरू, हे मशीन न्हाई रे. ही सासू आहे. पाच वर्षं संसार केला मी, आणि ही पहिल्या दिवशी येऊन म्हणायलीय, पोळपाट वाकडा ठेवलाय."

त्या दिवसापासून मशीनचं नाव सासू पडलं.

सासू काही केल्या हिरवी होईना. कुणी एक ओळ बदलली तरी अकरा हजार चुका पुन्हा पुढं यायच्या, सगळं लाल, सीडी बंद. कारखान्याचे फोन वाढले. गुरुबसव प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन म्हणायचा, "हिरवं झालं पाहिजे बघा. काही करून हिरवं." आणि गुरुवारी दुपारी खरंच झालं. एकदम. शून्य चुका. गुरुबसवचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तो खाली धावला, पाव किलो पेढे आणले, डबा अण्णांच्या टेबलावर ठेवला, पहिला पेढा रूपाक्काला दिला. तिनं तो खाल्लाही. फक्त म्हणाली, "गोड आहे."

शुक्रवारी त्याला कळलं. कोडमध्ये एक खुणेची ओळ घालता येते, की ही फाइल तपासू नको. ती दोनशे बारा फाइलींत, प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर, घातलेली होती. सासूच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती आणि ती बिचारी समोर अंधार बघून सगळं छान आहे म्हणत होती.

"अक्का, हे तुम्ही केलात?"

"व्हय." रूपाक्कानं मान वर केली नाही. "तू काय मागितलास? हिरवं. हिरवं दिलं. चांगलं मागितला असतास तर बघितलं असतं."

अण्णांना सांगावं लागलं. अण्णांनी ऐकून घेतलं, उरलेला एक पेढा डब्यात होता त्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "दसऱ्याला सतरा दिवस राहिलेत, गुरू. काट्याच्या केबिनला पंखा आहे. मी बघून आलोय."

रविवारी चन्नव्वा डबा घरीच विसरून गेली, म्हणून तो घेऊन गुरुबसव मिलवर गेला. आईला काम करताना त्यानं लहानपणापासून इतकं पाहिलं होतं, की खरं म्हणजे कधी पाहिलंच नव्हतं. बायका ओळीनं बसल्या होत्या. मागं गोदामाच्या कोपऱ्यात तुरीचा एक जुना ढीग, छपराला लागलेला, धुळीनं करडा. पुढं आज आलेली पोती. चंद्रम्मा नावाची बाई, कामावर लागून आठवडाही न झालेली, उत्साहानं त्या जुन्या ढिगाच्या पायथ्याशी बसून खडे वेचत होती.

"ए चंद्रम्मा, उठ तिथनं," चन्नव्वानं हाक दिली.

"अक्का, यात लई घाण हाय. साफ करायलेय की."

"हाय ना. मला ठावं न्हाई व्हय? तो ढीग तुझ्या माझ्या जन्मात साफ व्हायचा न्हाई. तू तिथं दिवसभर बसशील, आणि इकडं नव्या पोत्यातले खडे जातील की जात्यात. नवं पोतं आदी. त्यातला एक खडा पुढं जाऊ द्यायचा न्हाई. जुन्यातलं मागणी आली की जेवढं पाटीत भरतील तेवढं निवडायचं. पाटी भरली की पाटी निवडायची. ढिगाकडं बघायचंच न्हाई."

गुरुबसव हातात डबा घेऊन तसाच उभा राहिला. तीन वर्षं शहरात राहून आणि दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचून जे सुचलं नव्हतं ते आईनं चंद्रम्माला रागावताना सांगून टाकलं होतं.

भिंतीकडेला एक पोतं तोंड उघडं टाकून बाजूला काढलेलं होतं. त्यावर निळ्या शाईत नाव होतं. गुरुबसवनं वाचलं आणि दचकला. "अव्वा, हे तर मालकाच्या शेतातलं पोतं. हे कामून मागं काढलंस?"

"माती लई हाय त्यात."

"पण नाव…"

"मला कुठं वाचाय येतंय," चन्नव्वा डब्याचं झाकण काढत म्हणाली. "मालकानं म्हणूनच तर मला दाराशी बसीवलंय. वाचता येणारी बाई हुती आदी. सोजराबाई. लई दिवस टिकली न्हाई. प्रत्येक पोत्याचं नाव बघायची, आणि मोठं नाव दिसलं की पोतं तसंच पुढं सोडायची."

सोमवारी गुरुबसव सगळ्यांत आधी ऑफिसात पोचला आणि रूपाक्काच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसला. ती आली, पर्स ठेवली, म्हणाली, "काय, पेढे परत मागायला आलास?"

"चुकलं माझं अक्का. तुमच्या जुन्या ढिगाला हात लावायला नको हुता."

"ढीग?" रूपाक्काच्या भुवया वर गेल्या. "माझ्या प्रोग्रामला ढीग म्हणायलास?"

ते सावरायला त्याला पंधरा मिनिटं लागली. मग त्यानं सांगितलं: जुन्या अकरा हजार चारशे आठ चुका एकदा मोजून बाजूला ठेवायच्या, त्यावरून कुणालाही लाल नाही. आजपासून लिहिलेली ओळ तेवढी तपासायची. आणि जुन्यातल्या ज्या भागाला हात लावाल, तेवढाच भाग साफ करायचा. रूपाक्कानं चष्मा काढला, पुन्हा लावला.

"आणि नियम?"

"ते तुम्ही ठरवा. कुठले ठेवायचे सांगा. बाकीचे काढतो."

सासूला जेवण कसलं वाढायचं हे सुनेला विचारल्यासारखंच हे होतं. रूपाक्का दोन दिवस ती यादी घेऊन बसली. नावं इंग्रजीतच हवीत, हा नियम तिनं पहिल्या झटक्यात उडवला. तिच्या कोडात ऊस 'कब्बू' होता, गाडी 'बंडी' होती आणि ती बदलायची तिची तयारी नव्हती. "काटेवाला काय म्हणतो ते लिहिलंय. साहेब काय म्हणतो ते न्हाई." ओळीची लांबी, कंसाआधीची जागा, सगळं गेलं. एकशे वीसातले चौदा उरले. त्यातला एक मात्र तिनं स्वतः बोट ठेवून मागितला. प्रोग्राममध्ये काही बिघडलं तर काय करायचं, ते लिहायची एक जागा असते. काही लोक ती जागा उघडतात आणि आत काहीच न लिहिता बंद करतात. म्हणजे बिघडलं तरी गप्प बसायचं. "असल्या ठिकाणी लाल पाहिजे," ती म्हणाली. "मागच्या वर्षी गाड्या उभ्या राहिल्या, त्या दिवशी प्रोग्राम असाच गप्प बसला, म्हणून मला चूक सापडाय दोन तास लागले हुते."

दोनशे बारा फाइलींवरची पट्टी तिनं स्वतःच काढली. पुढचे आठ दिवस बरे गेले. कधी लाल यायचं, पण एक-दोन चुकांचं. माणूस नाक मुरडून दुरुस्त करायचा आणि चहाला जायचा. जुन्या चुकांचा आकडा अकरा हजार चारशे आठवरून अकरा हजार तीनशे एक्याण्णववर आला. तो फळ्यावर लिहायचं काम रूपाक्कानं आपण होऊन घेतलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी कारखान्याची जीप सीडी न्यायला खाली येऊन उभी राहिली. अण्णांनी त्या सकाळी स्वतः थोडा कोड लिहिला होता. कारखान्याचा फोन आला होता, की वीज वरखाली झाली की काट्याकडून आकडा येत नाही आणि पडद्यावर चूक झाल्याची पाटी येते, काटेवाला वैतागतो, ती पाटी तेवढी बंद करा. अण्णांनी बंद केली. कोड जमा केला. आणि सासू लाल झाली.

"गुरू, काय झालंय हिला?"

गुरुबसवनं पाहिलं. आकडा आला नाही तर काय करायचं, त्या जागी कंस उघडला होता आणि लगेच मिटला होता. आत कोरं.

"अण्णा, इथं रिकामं आहे."

"रिकामंच पाहिजे. पाटी नको म्हणायलेत ते." खालून जीपचा हॉर्न वाजला. "आजच्या दिवस बंद कर ती तपासणी. एक टिक काढायचीय फक्त. उद्या बघू."

टिक काढायला खरंच एक बोट पुरलं असतं. गुरुबसवचा हात माउसवर होता. आजच्या दिवस, शब्दही तेच होते, पुण्यातले. दसरा परवावर आला होता, आणि हा माणूस त्याला केबिनमध्ये पाठवू शकत होता. त्यानं माउसवरचा हात काढला. इथं निदान भाषा आपली होती.

"अण्णा, काट्याकडून आकडा आला न्हाई तर पडद्यावर कुठला राहील?"

"कुठला म्हणजे?"

"मागच्या गाडीचा. आणि पावतीवर तोच छापून येईल. ट्रॅक्टरचं वजन बैलगाडीच्या पावतीवर. कुणाला कळणार बी न्हाई. पाटी न्हाई ना."

अण्णांनी पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचली. मग जरा आवाज चढला. "मी मालक आहे ना रे हिचा? मलाच अडवायलीय?"

"ती नाव वाचत न्हाई अण्णा," गुरुबसव म्हणाला. "नाव वाचायला लागली तर उद्यापासून कुणालाच अडवणार न्हाई. मग पत्रंच छापा तिच्यावर."

रूपाक्का मागं येऊन उभी होती. वाकून ती ओळ वाचली. "अण्णा," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "हे मी लिहिलं असतं तर तुम्ही मला काय म्हटलं असतं? मागच्या वर्षी काय म्हटलं ते मला पाठ आहे. म्हणून दाखवू?"

अण्णांनी हात वर केला, म्हणजे नको. ते जिन्यापर्यंत गेले, खाली वाकून ड्रायव्हरला ओरडून म्हणाले, "चहा पी रे. अजून एक पी. वेळ आहे." मग येऊन खुर्चीत बसले आणि बाह्या सरसावल्या. "सांगा, काय लिहायचं आत."

वीस मिनिटं लागली. आकडा नाही आला तर पावती थांबवायची, गाडी पुन्हा काट्यावर घ्या असं एका ओळीत सांगायचं. काटेवाला वैतागेल तर वैतागू दे. सासू हिरवी झाली. जीप गेली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ऑफिसात पूजा होती. कीबोर्ड पुसलेले, दारात कोहळा, सगळ्या मशीनना झेंडूचे हार. अण्णांनी हार मोजूनच आणले होते, टेबलावरच्या सात मशीनना सात. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनकडं गुरुबसवनं मुद्दाम बघितलं नाही. पुढचं टेबल मोकळं केलेलं त्याला दिसत होतं, आणि दसरा उद्यावर होता.

अण्णांनी आपल्या मशीनला घालायला हार उचलला, थांबले आणि रूपाक्काला म्हणाले, "एक कमी पडायलाय की गं."

"आठ आणायचे हुते," रूपाक्का म्हणाली.

अण्णा हातातला हार घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत गेले. मॉनिटरवर तो नीट बसेना, एका बाजूला घसरायला लागला. रूपाक्कानं पुढं होऊन तो सरळ केला, बोट बुडवून कुंकू लावलं आणि म्हणाली, "बघ बाई, सुनेनं पहिला मान दिलाय. आता जरा दमानं घे."

मोकळ्या केलेल्या टेबलावर प्रसादाचं ताट ठेवलं होतं. गुरुबसवनं आईसाठी एका कागदात थोडा प्रसाद बांधून घेतला. मग फळ्याकडं गेला. रूपाक्का विसरली होती, म्हणून त्यानं कालचा आकडा पुसला आणि आजचा लिहिला. अकरा हजार तीनशे नव्वद.